मुक्काम नोर्ग्येलिंग, जिल्हा जुना भंडारा

ओल्या पाल्याचा धूर सरळ वर जात नाही. मठाच्या पायऱ्यांवरून तो खाली उतरतो आणि ओळीने बसलेल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत शिरतो. डोळे पुसले जातात, पण जागचं कुणी हलत नाही. लोसरचा, म्हणजे तिबेटी नववर्षाचा, आज तिसरा दिवस. आज धूप जाळायचा, वर्षभर उन्हापावसात विटलेल्या पताका उतरवून नव्या बांधायच्या. बायकांनी पायघोळ चुबा घातला आहे. लग्न झालेल्यांच्या कमरेला त्यावर रंगीत आडव्या पट्ट्यांचा पांगदेन. साडेआठलाच ऊन चटकायला लागलं आहे, आणि हिमालयापलीकडच्या थंडीसाठी बेतलेल्या या पोशाखात सगळे घामाघूम झाले आहेत.

पताकांची दोरी ऐनाच्या झाडाला बांधायची आहे, पण चढणार कोण? जमलेल्यांत तरुण पुरुष बोटांवर मोजण्याइतके, आणि ते शहरातून सणापुरते आलेले. शेवटी शेजारच्या गोठणगावचा एक पोरगा चपला काढतो, दोरीचं टोक दातांत धरतो आणि बघता बघता वर पोचतो. खालून सूचना सुरू होतात. तिबेटीत होतात, हिंदीत होतात, आणि मग एका बाईचा खणखणीत आवाज येतो, "त्या फांदीले नोको बांधू रे बापा, मोडंल ते! आनखी वरतं जा!"

ही बाई तिबेटी आहे. साठीला आलेली, दोन वेण्या, तोंडात एक सोन्याचा दात. मी भंडाऱ्याचा म्हटल्यावर तिचा चेहरा खुलतो. "मंग आपल्याच जिल्ह्याचे तं आहा तुमी!" म्हणते आणि माझ्यासोबत आलेल्या ड्रायव्हरलाही घरात बोलावते.

हिशेबाने ती चुकते आहे. नोर्ग्येलिंग ही महाराष्ट्रातली एकमेव तिबेटी वसाहत. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला ती 1972 साली वसली, तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, आणि तालुका तिकडे गेला. पण धरमशालेच्या निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या दफ्तरात ही वसाहत आजही भंडारा याच नावाने ओळखली जाते. अमेरिकेत किंवा फ्रान्समध्ये एक तिबेटी दुसऱ्याला 'कुठला' म्हणून विचारतो आणि उत्तर येतं, भंडारा. आमच्या जिल्ह्याचं नाव इतक्या लांब इतक्या सहजपणे दुसरं कुणी नेलं असेल असं मला वाटत नाही. आमची पितळी भांडीही तितकी लांब गेली नसतील.

घर दोन खोल्यांचं, कौलारू. समोर तुळशीवृंदावनाच्या जागी धूप जाळायची छोटी भट्टी. आत दलाई लामांचा फोटो, त्यावर खाता म्हणजे मानाचा पांढरा शेला, शेजारी ल्हासाच्या पोताला राजवाड्याचं मोठं चित्र. चित्राखाली तळलेल्या खापशांची चळत आणि साबुदाण्याच्या पापड्यांचा डबा. पापड्या शेजारणीने गावातून पाठवल्या आहेत, शिवरात्रीच्या. शिवरात्र अमावास्येच्या आदल्या दिवशी येते आणि लोसर पुष्कळदा त्याच अमावास्येला लागून, त्यामुळे या भागात दोन्ही सण एकमेकांच्या पाठीला पाठ लावून येतात. प्रतापगडावरची महाशिवरात्रीची यात्रा अजून पूर्ण उठलेली नाही. महादेवाला निघालेले पोहे, म्हणजे भाविकांचे जथे, त्रिशूळ घेऊन डोंगर चढून गेले, पायथ्याच्या ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या दर्ग्यातही नारळ-उदबत्ती झाली, आणि आता दुकानदार तंबू सोडताहेत. वाऱ्याची दिशा बदलली की ध्वनिक्षेपकावरचं महादेवाचं गाणं इथल्या मंत्रांत येऊन मिसळतं. कुणाला त्याचं विशेष वाटत नाही.

"अठी आलो तवा मी सहा वर्साची होती," बाई सांगते. "सारं जंगल. रातच्याले अस्वल ये. माय मने, दोन-चार वर्सं काढू अन मंग जाऊ."

म्हणजे जन्म 1966च्या सुमाराचा. जन्म कुठला? उत्तरेतल्या रस्त्याच्या कामावरचा, तंबूतला. मार्च 1959 मध्ये दलाई लामा सीमा ओलांडून भारतात आले, त्यांच्यामागून हजारो माणसं आली. मैदानातल्या उकाड्याने आणि आजारांनी त्यांतली पुष्कळ दगावली, तेव्हा उरलेल्यांना हिमालयातल्या रस्तेबांधणीवर लावलं गेलं. पंडित नेहरूंनी राज्यांकडे जमीन मागितली. म्हैसूर राज्याने आधी दिली, तिथे 1960 पासून बायलाकुप्पे वसू लागलं. मग इतर राज्यांत. महाराष्ट्राची पाळी उशिरा आली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना.

समोर बसलेल्या या बाईने तिबेट कधी पाहिलेलं नाही. तिला मी सरळच विचारतो, की घर कोणतं.

"घर हेच. काहून? दुसरं कोनतं हाय?"

आणि देश?

ती भिंतीवरच्या चित्राकडे हनुवटीने खूण करते आणि चहा ओतायला उठते. चहा दोन प्रकारचा आहे, लोणी-मिठाचा आणि साखरेचा. ड्रायव्हर साखरेचा मागतो.

ओट्यावर एक म्हातारा येऊन बसला आहे, ताठ पाठीचा, सत्तरी ओलांडलेला. हा दहा वर्षांचा असताना बापाच्या पाठीवर बसून डोंगर उतरला. पुढे तो 'बावीस'मध्ये भरती झाला. 1962च्या चीन युद्धातच, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, भारत सरकारने तिबेटी तरुणांचं एक गुप्त दल उभं केलं. स्पेशल फ्रंटियर फोर्स हे त्याचं नाव, पण सगळे त्याला एस्टॅब्लिशमेंट बावीस म्हणतात. चक्राताला प्रशिक्षण, विमानातून उड्या. दल काढलं ते चीनच्या विरोधात, आणि मोठी लढाई लढलं ती 1971 साली चितगावच्या डोंगरांत, बांगलादेशासाठी. पन्नासच्या आसपास तिबेटी जवान तिथे पडले. गुप्त दल असल्यामुळे त्यांचं नाव कित्येक वर्षं कुठे निघालं नाही. ऑगस्ट 2020 मध्ये पँगाँगजवळ न्यिमा तेन्झिन हा याच दलाचा जवान सुरुंगाने मारला गेला आणि त्याच्या अंत्यविधीत तिरंग्याबरोबर तिबेटचा झेंडा दिसला, तेव्हा कुठे देशाला या पलटणीची बातमी लागली.

म्हातारा लढाईबद्दल फार बोलत नाही. "पाणी बहुत था," एवढंच म्हणतो. "जळवा."

तेवढ्यात सायकलला मागे ॲल्युमिनियमचं घमेलं बांधलेला मासेवाला फाटकाशी थांबतो. रोहू आणि कतला, इटियाडोहच्या पाण्यातले. हा बंगाली आहे. याच तालुक्यात अरुणनगर आणि आणखी काही बंगाली वस्त्या आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या हिंदू निर्वासितांना दंडकारण्यात आणि लगतच्या जिल्ह्यांत वसवलं गेलं, त्यांतल्या. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावर अरुणनगर नावाचं स्टेशनही आहे. म्हातारा त्याला पाहून मिशीतल्या मिशीत हसतो. ही त्यांची जुनी थट्टा असावी.

"मैंने तेरा देश छुडाया, और तू यहाँ मछली बेचता है."

मासेवाला काटा हातात घेऊन उत्तर देतो, "तुमी उशिरा गेले दाजी. आमी तं कवाचेच निघालो होतो."

त्याचं खरं आहे. 1964च्या दंगलींनंतर त्याचे आजोबा खुलन्याहून निघाले. बांगलादेश जन्मला तेव्हा हे लोक छावण्यांमधून इकडे पोचले होते. परत जावंसं वाटतं का, असं विचारल्यावर तो माझ्याकडे असा बघतो जसं मी त्याला चंद्रावर जायचं विचारलं. परतायचं काय घेऊन बसलात, त्याला जातीचा दाखला हवा आहे. तो नमःशूद्र. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्याच्या मुलीला बारावीला चांगले गुण आहेत आणि त्या गुणांवर पुढे कुठल्या रकान्यात उभं राहायचं, हा घरचा आजचा प्रश्न आहे. मतदान तो करतो, दुर्गापूजेला वर्गणी देतो, मराठी शाळेत शिकला आहे. त्याच्या लेखी देश मिळालेला आहे, एक सही राहिली आहे.

तिबेट्यांकडे सह्यांचा तुटवडा नाही. बाई कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या वह्या काढते. एक परदेशी नागरिक म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र, मुदत संपली की पोलिसांकडे जाऊन वाढवायचं. एक हिरवी पुस्तिका, धरमशालेच्या प्रशासनाला दरवर्षी द्यायच्या ऐच्छिक वर्गणीची. ही असली की त्यांच्या निवडणुकीत मत देता येतं. दलाई लामांनी 2011 साली राजकीय अधिकार सोडले, तेव्हापासून निवडून आलेला सिक्योंग कारभार बघतो आणि त्याच्यासाठी नोर्ग्येलिंगमध्येही मतपेटी लागते. परदेशी जायचं असेल तर पिवळं ओळखपत्र वेगळं. जमीन मात्र सरकारची, कसायला दिलेली.

गंमत अशी, की या बाईला यातल्या पहिल्या वहीची कायद्याने गरजच नाही. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात जो भारतात जन्मला तो जन्मानेच भारतीय नागरिक, असं नागरिकत्वाचा कायदा म्हणतो. 2010 साली नामग्याल डोलकर या तरुणीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने तेच सांगितलं. 2014 मध्ये निवडणूक आयोगाने अशा तिबेट्यांना मतदार यादीत घ्या म्हटलं. 2016 मध्ये पासपोर्ट द्या असा न्यायालयाचा आदेश आला. पुढच्याच वर्षी सरकारने अटी घातल्या, की पासपोर्ट हवा असेल तर नोंदणीपत्र परत करा, वसाहतीत राहू नका, तिथले लाभ सोडा.

या अटींवरून मायलेकींत धुसफुस चालू आहे, हे आम्ही आल्यापासून जाणवतं आहे. मुलगी बंगळुरात परिचारिका आहे, लोसरला आली आहे. आई जन्माने भारतीय ठरते म्हणून कायद्याने तीही ठरते. तिला परदेशी नोकरीची संधी आहे आणि पासपोर्ट पाहिजे. ती माझ्याशी शुद्ध मराठीत बोलते, आईच्या झाडीबोलीला हसते.

"आई म्हणते, तू भारतीय झालीस तर परत गेल्यावर आपलं कोण असेल? मी म्हणते, आई, परत कधी? तू गेलीस का? आजी गेली का? माझ्या वर्गातल्या मुली टोरांटोत, पॅरिसमध्ये आहेत. त्यांच्यातल्या एकीनेही तिबेट पाहिलं नाही. आम्ही सगळ्या इथूनच गेलो."

आई भांडी आवरते आहे. तिबेटीत काहीतरी तोडून बोलते. मुलगी मला अर्थ सांगत नाही आणि मी विचारत नाही.

माझं मन या वादात मुलीच्या बाजूचं आहे, हे सांगून टाकतो. परतीच्या आशेसाठी एका माणसाने आयुष्यभर परदेशी राहावं, हे ओझं तिसऱ्या पिढीवर टाकण्यासारखं नाही. पण आईचं म्हणणं चुकीचं आहे असंही म्हणवत नाही, कारण ही वसाहत त्याच हट्टावर उभी आहे. 2009 साली तिबेटी प्रशासनाने केलेल्या गणनेत भारतात 94 हजारांच्या वर तिबेटी होते. त्यानंतर आकडा उतरतच गेला. नोर्ग्येलिंगमध्ये कुलूप असलेली घरं दिसतात. हिवाळ्यात तर वसाहत आणखी रिकामी होते. लुधियानाहून माल उचलून बायाबापडे गावोगाव स्वेटरांची दुकानं लावतात आणि लोसरच्या आधी परततात. शेती मग कोण करतं?

झाडावरून उतरलेला पोरगा करतो, म्हणजे त्याचा बाप करतो. तिबेट्यांच्या बांध्या तो बटईने घेतो. उन्हाळी धानाचं रोवणं आता चालू आहे, रस्त्याच्या कडेने पऱ्ह्यांच्या जुड्या पडलेल्या सकाळी दिसल्याच. हे कुटुंब गोंडांचं. 2006च्या वनहक्क कायद्याखाली त्यांनी जंगलालगतच्या तुकड्यावर दावा टाकला आहे, तो अजून लटकलेला. ज्या रानात पिढ्यान् पिढ्या मोह वेचला तिथे स्वतःच्या नावाचा सातबारा नाही, आणि ज्यांना सरकारने बाहेरून आणून बसवलं त्यांच्या जमिनीत तो निम्म्या वाट्याने राबतो. पोराच्या बापाला मी हे जरा तिखट करूनच विचारतो.

"त्याहीचा काय दोस जी?" तो म्हणतो. "तेबी सरकारच्याच जमिनीवर, आमीबी." आणि विडी शिलगावतो.

मी आणलेली धार अशी बोथट होऊन जाते.

ड्रायव्हर इतका वेळ गप्प आहे. तो भंडारा तालुक्यातल्या वैनगंगेकाठच्या गावचा, जातीने ढीवर. गाव गोसीखुर्दच्या पाण्यात गेलं. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींनी या धरणाची पायाभरणी केली. मूळ अंदाज 372 कोटींचा, पुढे तो अठरा हजार कोटींच्या वर गेला. 2009 मध्ये राष्ट्रीय प्रकल्प झाला. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावं उठली, उठत राहिली. 2013 मध्ये सुमारे बाराशे कोटींचं पॅकेज आलं. चाळीस वर्षं व्हायला आली, मागण्यांचे मोर्चे अजून भंडाऱ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर येतात. सकाळी येताना सौंदडजवळ श्रीरामनगर लागलं होतं. नवेगावच्या जंगलातली कालिमाती, कवलेवाडा आणि झनकारगोंदी ही गावं उठवून तिथे बसवली आहेत. दिलेला शब्द पाळला नाही म्हणून मध्यंतरी हीच माणसं पोराबाळांसह परत जंगलातल्या जुन्या जागी जाऊन बसली होती. तेव्हाही ड्रायव्हरने गाडी जरा हळू केली होती, बोलला काहीच नव्हता.

आता तो बोलतो. मठाकडे बघत, मला उद्देशून नव्हे.

"याहीले सार्‍याले एका जागी बसवलं. देऊळ देलं, शाळा देली, आपला मानूस सायब मनून देला. आमच्या गावचे तुकडे झाले. कोनी नागपूरले गेला, कोनी भावकीत गेला. नव्या गावठाणात पलाटं देली ते नंबरानं. माह्या बाजूले कोन आला तं ज्याच्याशी बापजन्मी बोललो नाही तो. म्हशीहीले मयनाभर बांधून ठेवा लागे, सुटल्या का जुन्या गावाकडं परत. आखर नाही नव्या गावाले. सांगा, गाईढोरं कोठी उभी करावं?"

आणि नदी?

"नदी हाय ना. पन तिचं तलाव झालं. तलावाचा ठेका निंगते. डोंगा आपला, जाळं आपलं, मासोळी ठेकेदाराची."

बाई त्याच्या पुढ्यात खापशांची बशी सरकवते. त्याने सांगितलेलं सगळं तिला कळलं आहे, बोली एकच आहे. ती एवढंच विचारते, की गावचा देव नेला का सोबत. नेला, म्हणतो तो. पण मंदिर बांधायच्या पैशावरून दोन पार्ट्या झाल्या आणि देव चार वर्षं एकाच्या घरात होता.

मी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहतो. तिबेट्यांना जमीन देताना सरकारने, निदान त्या पिढीच्या सरकारने, एक गोष्ट ओळखली होती, की माणसं घोळक्याने उठून आली आहेत तर त्यांना घोळक्यानेच बसवलं पाहिजे. कुटुंबाला जमीन, वस्तीला शाळा, दवाखाना, सहकारी संस्था, मठ, आणि कारभाराला त्यांच्यातलाच अधिकारी. या कामाला केंद्राचा पैसा होता आणि परदेशी संस्थांचाही होता, हे मान्य. गोसीखुर्दला पैसा काही कमी गेला नाही. तिथे घरं मोजली, झाडं मोजली, विहिरी मोजल्या, प्रत्येकाच्या हातात धनादेश दिला. शेजार कुणी मोजला नाही, कारण त्याचा दर ठरलेला नव्हता. परिणाम समोर आहे. पन्नास वर्षांपूर्वी शेकडो मैलांवरून आलेल्यांची भाषा, सण, मतपेटी सगळं शाबूत आहे, आणि नदीकाठावरून काही किलोमीटर सरकवलेल्या माणसाला आपलं गाव कोणतं हे सांगताना आधी 'जुनं की नवं' असं विचारावं लागतं.

एकत्र बसवलं म्हणजे सगळं साधतं असंही नाही. ती परिचारिका जाणारच आहे. नवेगावबांधला वन अधिकारी म्हणून आलेले मारुती चितमपल्ली सोलापूरचे, आमच्या रानावर त्यांनी इतकं लिहिलं की आम्ही त्यांना आमचेच समजत आलो, तेही अखेरीस सोलापूरला परतले आणि जून 2025 मध्ये तिथेच गेले. जाणारा जातो. पण जाणाऱ्याला मागे काही उरलेलं असावं, एवढी सोय पुनर्वसनाने करायला हवी आणि ती करता येते, याचा पुरावा आमच्या जुन्या जिल्ह्यातच उभा आहे.

राज्यात धरणांचे, महामार्गांचे, व्याघ्र प्रकल्पांचे नवे आराखडे रोज निघताहेत. ज्यांच्या सहीने गावं उठतात त्या अधिकाऱ्यांनी आराखडा मंजूर करण्याआधी एक दिवस इथे काढावा. भंडाऱ्याहून साकोली, सौंदड, कोहमारा, तिथून नवेगावबांध आणि पुढे गोठणगाव. रस्ता डांबरी आहे, सकाळी निघालं तर संध्याकाळी परत पोचता येतं. आणि जाताना गोसीखुर्दच्या पुनर्वसित गावातला एखादा माणूस गाडीत सोबत घ्यावा.